त्या दोघांच्या गोष्टीत माझा जीव का अडकलाय?

ताई नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, नाव छापू नका प्लीज. मी 58 वर्षांची, कोल्हापूरची, बँकेतून रिटायर झालेय. मागच्या नोव्हेंबरात लेकीच्या बाळंतपणासाठी कॅनडाला, मिसिसागाला गेले होते. रात्री बाळाला मांडीवर घेऊन बसायची ड्युटी माझी असायची, लेकीलाही झोप यायची नाही, मग ती शेजारी बसून ‘हीटेड रायव्हलरी’ लावायची. आइस हॉकी खेळणाऱ्या दोघांची लव्हस्टोरी, दोघंही पुरुष. सुरुवातीला मी तोंड फिरवून बसायचे, काय काय दाखवतात बाई. पण दोन-तीन एपिसोड झाले आणि शुक्रवारची वाट मीच बघायला लागले. शेवटच्या एपिसोडला लेकीपेक्षा मी जास्त रडले. आता घरी आले तरी डोक्यातून जात नाही. आयुष्यभर हिरो-हिरॉइनच्या एवढ्या सिरियल बघितल्या पण असं कधी झालं नव्हतं. भिशीत बोलले तर एक मैत्रीण म्हणाली, या वयात हे काय खूळ, आणि ते पण असलं. मिस्टर म्हणतात तुला त्यात काय कळतं. ते वाईट नाहीत हो, फक्त विषय निघाला की पेपर तोंडासमोर धरतात.

आणि एक गोष्ट मनाला लागलीय. लेकीच्या ऑफिसमधला एक मुलगा, मूळचा नाशिकचा, बाळाला बघायला आला होता. तो गे आहे, सगळ्यांना उघड सांगतो. मी उत्साहाने सिरियलचा विषय काढला, तर हसून म्हणाला, ‘काकू, सगळ्या बायकांना आम्ही आवडायला लागलोय आता, पण टीव्हीवरचे.’ नंतर लेक म्हणाली की तो कित्येक दिवाळ्या घरी गेलेला नाही. तेव्हापासून वाटतंय, दुसऱ्याच्या दुःखाची मी करमणूक करतेय का? माझं असं का झालंय, मिस्टरांना कसं सांगू, आणि त्या मुलाशी काय बोलू?

– नवी आजी, कोल्हापूर

ताई,

तुम्ही सही ‘नवी आजी’ अशी केलीय पण मी ताईच म्हणते. तुमच्यात काहीही बिघडलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

तुम्ही एकट्या तर अजिबात नाही. ही सिरियल ज्या कादंबरीवरून केलीय ती 2019 ची, रेचल रीड नावाच्या बाईंनी लिहिलेली, त्या कॅनडातल्याच, नोव्हा स्कोशियाकडच्या. रोमान्स कादंबऱ्यांचा वाचकवर्ग मुळात बायकांचाच मोठा, आणि दोन पुरुषांच्या प्रेमाच्या गोष्टी बायकांनी लिहाव्यात, बायकांनीच वाचाव्यात ही गोष्ट पन्नास वर्षं तरी जुनी आहे. जपानमध्ये 1974 मध्ये मोतो हागिओ आणि 1976 मध्ये केइको ताकेमिया या दोघींनी शाळकरी मुलींच्या मासिकांत अशा चित्रकथा लिहिल्या, त्यातून पुढे अख्खा प्रकार उभा राहिला ज्याला आज बीएल, म्हणजे ‘बॉइज लव्ह’, म्हणतात. अमेरिकेत त्याच सुमारास ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळातली सिरियल बघणाऱ्या बायका त्यातल्या कर्क आणि स्पॉक या दोन नायकांच्या प्रेमाच्या गोष्टी लिहून एकमेकींना छापील अंकांतून पाठवत होत्या. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये थायलंडची ‘टुगेदर’ आली आणि तिने आशियाभर वेड लावलं, त्यातही मुली-बायकाच पुढे. म्हणजे तुमच्या भिशीतल्या मैत्रिणीला जे ‘या वयातलं खूळ’ वाटतंय ते किती देशांतल्या, किती वयाच्या बायकांना लागून गेलंय बघा.

का लागतं, याबद्दल मला जे वाटतं ते सांगते, आणि हे मी बराच विचार करून सांगतेय.

आपण प्रेमकथा बघतो तेव्हा बाई म्हणून आपण कधी नुसत्या प्रेक्षक नसतो, आपण पूर्ण वेळ त्या हिरॉइनला तपासत असतो. ती नोकरी सोडणार का, सासूचं ऐकणार का, एवढी सहन का करते, तिची साडी, तिचं वजन, तिने असं वागायला हवं होतं आणि तसं नको होतं. आणि तिला तपासता तपासता स्वतःलाही तपासतो, कारण तिच्या जागी आपण होतो किंवा होऊ शकलो असतो. त्या दोघांच्या गोष्टीत ही जागाच रिकामी आहे. कुणाचं लग्नानंतर आडनाव बदलणार, कोण कुणाच्या घरी राहायला जाणार, कोण स्वयंपाक करणार हे आधीपासून ठरलेलं नाही, दोघंही एकाच खेळातले, सारख्याच ताकदीचे, सारख्याच हट्टाचे. मग जे काही ठरतं ते दोघांनी बोलून ठरवावं लागतं. हवंय का, चालेल का, थांबू का, हे विचारलं जातं. तुम्ही ज्या सीनला तोंड फिरवलंत ना, त्यातसुद्धा विचारलं जातं, पुन्हा कधी बघितलंत तर लक्ष द्या. बाईच्या शरीरावर कॅमेरा फिरत नाहीये आणि कुणावर जबरदस्ती होणार अशी धाकधूक नाहीये, त्यामुळे छप्पन्न-अठ्ठावन्न वर्षांच्या बाईलाही तो सीन पोटात गोळा न येता बघता येतो. यात लाजण्यासारखं मला तरी काही दिसत नाही. वय झालं म्हणून इच्छा ही गोष्ट बघायची बंद होते असं कुणी ठरवलं, आणि पुरुषांसाठी का नाही ठरवलं?

पण फक्त एवढंच असतं तर तुम्ही रडला नसतात. आता चौथा एपिसोड आठवा. त्या दोघांतला शेन दुसऱ्याच्या, म्हणजे इल्याच्या, बॉस्टनच्या घरी गेलेला असतो, आणि इल्या त्याच्यासाठी टूनाचं गरम सँडविच करतो. बस, एवढंच. इतकी वर्षं हे दोघं हॉटेलच्या खोल्यांमध्ये चोरून भेटताहेत, तिथे कसलाच संकोच नाही, आणि एका दुपारी सोफ्यावर बसून साधं जेवण करताना त्यातल्या एकाची पार भंबेरी उडते. तोपर्यंत ते एकमेकांना आडनावाने हाक मारत असतात, हॉलंडर आणि रोझानोव, आणि त्या दिवशी पहिल्यांदा नाव घेतलं जातं. शेन, इल्या. आणि शेन घाबरून निघून जातो. ज्या घरांत नवऱ्याचं नाव उखाण्यातच घ्यायचं असतं, एरवी ‘अहो’, तिथल्या बाईला त्या क्षणाचं वजन कुणी वेगळं समजावून सांगायला लागत नाही, ते तुम्हाला बाळ मांडीवर असताना अर्ध्या झोपेत कळलं असणार.

आणि पाचव्यातला तो फोन. इल्याचे वडील गेलेत, तो मॉस्कोत आहे, घरच्यांनी जीव नको केलाय, इंग्रजीत त्याला मनातलं धड बोलता येत नाहीये, तर शेन त्याला सांगतो की तू रशियनमध्ये बोल, मला कळणार नाही पण तू बोल. मग तो सगळं बोलून टाकतो, प्रेम आहे हेसुद्धा. आपल्याला खाली सबटायटल दिसतं, शेनला दिसत नाही. तो नुसता ऐकून घेतो. कोल्हापुरात काय आणि कॅनडात काय, बोललेलं कळलं नाही तरी आपलं पूर्ण ऐकून घेणारं कुणीतरी असावं असं कुणाला वाटत नाही? पुष्कळ बायकांचं तर सगळं आयुष्य या एका गोष्टीसाठी तरसण्यात जातं.

हे झालं सगळ्यांना का भिडतं ते. पण याच ठिकाणी मला थोडं थांबायचंय, कारण बरेच लोक इथून पुढे एक वाक्य बोलतात जे मला मुळीच पटत नाही, की ‘अहो ते गे वगैरे बाजूला ठेवा, ही शेवटी दोन माणसांच्या प्रेमाची गोष्ट आहे.’ बाजूला कसं ठेवणार? ते बाजूला ठेवलं तर गोष्टच उरत नाही. हे दोघं 2008 पासून 2017 पर्यंत लपत राहतात ते काही त्यांना लपायला आवडतं म्हणून नाही. इल्या रशियाचा आहे, तिकडे 2013 मध्ये असल्या नात्याबद्दल लहान मुलांसमोर चांगलं बोलणं हाच गुन्हा ठरवणारा कायदा आला. आणि खरी एनएचएल, म्हणजे ती मोठी हॉकी लीग, 1917 पासून चालू आहे, तिथे खेळत असताना मी गे आहे असं जाहीर सांगितलेला एकही खेळाडू मी हे लिहितेय तोपर्यंत झालेला नाही. ल्यूक प्रोकॉप नावाच्या एका तरुण खेळाडूने 2021 मध्ये सांगितलं, त्याचा एका एनएचएल टीमशी करार होता, पण त्या लीगमधली मॅच तो खेळलेला नव्हता. आता पाचव्या एपिसोडचा शेवट आठवा, स्कॉट हंटर हा दुसरा एक खेळाडू कप जिंकतो आणि आपल्या माणसाला भरलेल्या स्टेडियममध्ये बर्फावर बोलावून त्याचं चुंबन घेतो. तुमच्या अंगावर काटा आला असेल. तो काटा येतो कारण हे शंभर वर्षांत झालेलं नाही. त्या जागी मुलगा-मुलगी ठेवा, जिंकलेल्या खेळाडूने बायकोला मिठी मारली, आपण चहा आणायला उठू.

म्हणजे ही गोष्ट सगळ्यांची होते ती तिचं वेगळेपण पुसून नाही, ते वेगळेपण नीट, बारकाईने दाखवून. तुम्हाला स्वतःचं काहीतरी त्यात सापडलं हे खरंच आहे, पण ती तुमची गोष्ट नाही हेही तेवढंच खरं, आणि नाशिकचा तो मुलगा तेच म्हणत होता.

त्याच्याकडे वळते. तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं.

त्याने तुम्हाला टोमणा मारला असं मला वाटत नाही. तो दमलेला असणार. ही सिरियल आल्यापासून ऑफिसात, पार्टीत, बाळ बघायला गेलं तिथेसुद्धा जो तो त्याला विचारत असणार, बघितलीस का, बघितलीस का. त्याला एकाएकी सगळ्यांनी एक विषय करून टाकलंय. आणि ज्या लोकांना टीव्हीवरच्या दोघांसाठी रडू येतं त्यांच्यातल्या कुणी त्याला विचारलेलं नसेल की बाबा, तू दिवाळीला घरी का जात नाहीस. कॅनडात 2005 पासून त्याला लग्न करता येतं. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने 6 सप्टेंबर 2018 ला कलम 377 मधून अशी नाती गुन्ह्याच्या बाहेर काढली, पण 17 ऑक्टोबर 2023 ला लग्नाच्या हक्काला पाचही न्यायाधीशांनी नाही म्हटलं. म्हणजे तो तिकडे नवरा घेऊन राहिला तरी मुंबईच्या विमानतळावर उतरला की कायद्याच्या लेखी ते दोघं एकमेकांचे कुणीच नाहीत. टीव्हीवरचा सुखाचा शेवट त्याच्यासाठी नाशिकपर्यंत पोचत नाही. हे त्याला रोज माहीत असतं आणि आपण ते सहा एपिसोड झाले की विसरू शकतो, फरक इतकाच आहे, पण तो फार मोठा फरक आहे.

मग तुम्ही बघणं बंद करायचं का? नाही! दुसऱ्याच्या दुःखाची करमणूक तेव्हा होते जेव्हा आपल्याला फक्त दुःख बघायला आवडतं. आणि खरं तर इतकी वर्षं पडद्यावर तेच चाललं होतं. आपल्या मराठीत तेंडुलकरांनी 1981 मध्ये ‘मित्राची गोष्ट’ रंगमंचावर आणलं, रोहिणी हट्टंगडी ‘मित्रा’ या, बाईवर प्रेम करणाऱ्या मुलीच्या भूमिकेत, त्या काळात हे करायला केवढं धाडस लागलं असेल, पण तीही शेवटी मरते. अमेरिकन सिरियलींमध्ये तर इतक्या वेळा अशा पात्रांना मारून टाकलं की 2016 मध्ये ‘द हंड्रेड’मधल्या लेक्साचा मृत्यू दाखवल्यावर प्रेक्षक अक्षरशः पेटून उठले. ‘हीटेड रायव्हलरी’ वेगळी आहे ती इथे. ते दोघं मरत नाहीत, वेडे होत नाहीत, कुणी त्यांना शिक्षा देत नाही. ही सिरियल करणारे जेकब टियर्नी स्वतः गे आहेत, आणि त्यांनी कादंबरीतला सुखाचा शेवट हलवला नाही. तुम्ही ज्याला रडलात तो आनंद होता ताई, दुःख नव्हतं. कुणाच्यातरी आनंदासाठी असं रडू येणं ही चांगली गोष्ट आहे, तिच्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका.

फक्त त्या मुलाशी बोलताना सिरियल मध्ये आणू नका. तुमच्याकडे लेकीमार्फत त्याचा नंबर असेलच, व्हॉट्सॅपवर त्याला क्लिप, रील, हार्ट काहीही पाठवू नका. साधं विचारा, काय जेवतोस, थंडी किती आहे, नाशिकला आई-वडील कसे आहेत. तो त्यावर बोलला तर ऐका, नाही बोलला तर पुढचा विषय. त्याच्या आईशी मी बोलू का असं अजिबात म्हणू नका, कितीही मनात आलं तरी नाही, घरच्यांना काय माहीत आहे आणि काय नाही हे त्याचं त्याने ठरवायचं असतं. पण पुढच्या दिवाळीत फराळाचा डबा लेकीसाठी पाठवाल तेव्हा त्याच्यासाठी एक वेगळा डबा पाठवा, त्याचं नाव घालून. आणि त्याचं कुणी माणूस असेल तर ‘तुम्हा दोघांना’ असं लिहा. कळल्यावरच, अंदाजाने नाही.

शेवटच्या एपिसोडमध्ये शेनची आई आहे बघा, युना. आयुष्यभर त्याचं करिअर सांभाळणारी, सगळं माहीत असणारी बाई, आणि हीच गोष्ट तिला माहीत नव्हती. वडील अचानक येतात, दोघांना बघतात, गुपचूप परत जातात, मग ही दोघं आई-वडिलांच्या घरी जाऊन बसतात. मुलगा आईला सॉरी म्हणतो, की मी खूप प्रयत्न केला पण नाही जमलं. आणि ती त्याची माफी मागते, कारण मला सांगायची त्याला भीती वाटावी असं मी काहीतरी केलं असणार. मला खात्री आहे तुम्ही तिथे सगळ्यात जास्त रडला असाल, कारण तुम्ही नुकत्या नातवाला मांडीवर घेऊन बसलेल्या आई होतात. ‘शिट्स क्रीक’ नावाची कॅनडाचीच एक कॉमेडी होती, 2015 ते 2020, त्यातल्या डेव्हिड आणि पॅट्रिक या दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट बघून गे-ट्रान्स मुलांच्या हजाराहून जास्त आयांनी सह्या करून त्या कलाकारांना पत्र लिहिलं होतं. त्या सिरियलमधल्या गावात कुणीच त्या दोघांना त्रास देत नाही, मुद्दाम तसंच लिहिलंय. आयांना तेच हवं होतं, आपल्या पोराला त्रास नसलेलं गाव.

आता मिस्टर. त्यांना लेक्चर देऊ नका, आणि थेट ‘हीटेड रायव्हलरी’ तर मुळीच लावू नका, पहिल्या अर्ध्या तासात ते उठून जातील आणि परत त्या विषयाकडे फिरकणार नाहीत. तुम्ही कोल्हापूरच्या आहात, केशवराव भोसलेंपासून सुरू करा. 8 जुलै 1921 ला मुंबईत जो संयुक्त ‘मानापमान’चा प्रयोग झाला, टिळक स्वराज्य फंडासाठी, त्यात भामिनी होते बालगंधर्व आणि धैर्यधर होते केशवराव. दोन पुरुष. आणि त्यांच्या प्रेमात अख्खं थिएटर बुडून गेलं होतं, त्या प्रयोगाच्या आठवणी आपल्याकडे शंभर वर्षं सांगितल्या जाताहेत. त्या काळच्या बायका बालगंधर्वांचं बघून नऊवारी नेसायला, गजरा माळायला शिकल्या. आता ही गोष्ट गे प्रेमाची नव्हती हे मलाही माहितीय, बायकांना रंगमंचावर येऊ देत नव्हते म्हणून पुरुष उभे राहायचे, आणि कथा स्त्री-पुरुषाचीच होती, ती सरमिसळ मी करणार नाही. पण मिस्टरांचा प्रश्न ‘तुला त्यात काय कळतं’ असा आहे ना, त्याला हे उत्तर आहे. समोर कोण उभं आहे याच्या पलीकडे जाऊन प्रेक्षकाला प्रेम कळतं, आपल्या पणज्यांना कळलं होतं.

मग कधीतरी ‘साबर बोंडं’ बघा दोघांनी, मिळेल तिथे. रोहन परशुराम कानवडे यांचा मराठी सिनेमा, 2025 ला अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक सिनेमा विभागातलं सगळ्यात मोठं बक्षीस मिळालेला. शहरात राहणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांसाठी गावी येतो, नातेवाईक लग्नाचं टुमणं लावतात, आणि लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो. त्यात बर्फ नाही, स्टेडियम नाही, मॉस्को नाही, शेळ्या आहेत, सुतक आहे, ओट्यावर बसलेले काका आहेत. मिस्टरांना यातलं काहीही परकं वाटणार नाही आणि म्हणूनच ते बघतील. आणि त्यातली आई मुलाच्या बाजूने कशी उभी राहते ते बघा, फार न बोलता. हे ‘तिकडचं खूळ’ आहे असं म्हणायला जागाच राहत नाही. सिनेमा संपल्यावर लगेच कसं वाटलं विचारू नका, पुरुषांना विशेषतः त्या वयाच्या, दुसऱ्या दिवशी बोलायला बरं पडतं.

भिशीतल्या मैत्रिणीसाठी जास्त शक्ती घालवू नका. ‘मला आवडलं, तू बघ आणि मग बोलू’ एवढं पुरे. पण तिथे कुणी या माणसांबद्दल घाण बोललं तर गप्प बसू नका, कारण त्या आठ-दहा घरांमध्ये कुणाचं ना कुणाचं मूल ऐकत असू शकतं.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी सांगते. त्या दोन नटांबद्दल, हडसन विल्यम्स आणि कॉनर स्टोरी, ते ‘खरंच तसे आहेत का’ हे शोधत बसू नका. 2022 मध्ये ‘हार्टस्टॉपर’ या सिरियलमधल्या किट कॉनर या नटाच्या मागे लोक असेच लागले होते, जेमतेम अठरा वर्षांचं पोरगं, शेवटी वैतागून त्याने जाहीर केलं की मी बायसेक्शुअल आहे आणि तुम्ही मला हे सांगायला भाग पाडलंत. प्रेम करणाऱ्या प्रेक्षकांनीच केलं हे, शत्रूंनी नाही. आणि जमल्यास दोन बायकांच्या गोष्टीही बघा. पुरुषांच्या जोड्यांसाठी आपण वेडे होतो आणि बायकांच्या सिरियली एका सीझनमध्ये बंद पडतात, ‘फर्स्ट किल’ गेली, ‘अ लीग ऑफ देअर ओन’ गेली, हे मला फार खटकतं. हिंदीत 2021 ची ‘द मॅरिड वुमन’ आहे, रिद्धी डोगरा आणि मोनिका डोगराची, त्यातली आस्था ही घरसंसार करणारी, मुलंबाळं असलेली बाई आहे, तुम्हाला तिचं बरंच ओळखीचं वाटेल. त्यात मात्र हिरॉइनला तपासायची आपली सवय परत जागी होईल, होऊ दे, फक्त ती जागी झाली की ओळखा.

एवढ्यात पुन्हा काहीतरी बघावंसं वाटत असेल तर ‘हार्टस्टॉपर’च लावा. इंग्लंडमधल्या शाळकरी पोरांची आहे, नेटफ्लिक्सवर, तीन सीझन, प्रत्येकात आठ भाग, त्यातल्या निक या मुलाची आई ऑलिव्हिया कोलमनने केलीय आणि पहिल्या सीझनच्या शेवटी निक तिला स्वतःबद्दल सांगतो तो सीन तुमच्यासाठीच आहे. तोंड फिरवावं असं त्यात काही नाही, त्यामुळे मिस्टर हॉलमध्ये पेपर वाचत असतानाही आवाज मोठा ठेवून लावता येईल, आणि मला वाटतं तसंच लावा.